अतिचंचल मुलासाठी न्यूरोफीडबॅक : चाळीस सत्रांचा खर्च करावा का?

पऱ्हाटी
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात राहतो. आठ एकर कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर घेतो. मी घर सांभाळून गावातील दोन बचत गटांचे हिशेब लिहिते. हा धागा माझ्या मुलाविषयी आहे. तो आठ वर्षांचा असून जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे.

तो मंद नाही, हे आधीच सांगते, कारण गावात तसे बोलले जाते. अडत्याच्या पावतीवरची बेरीज तो तोंडी करून दाखवतो. तीच बेरीज वहीत मांडायला सांगितली की हातचा लिहिण्याआधीच त्याचे लक्ष उडालेले असते. या वर्षात पाण्याच्या तीन बाटल्या, एक स्वेटर आणि एकदा पुस्तकांसकट सगळे दप्तर हरवून झाले. तेवढे चालवून घेता येते. जीव टांगणीला लागतो तो वेगळ्याच गोष्टींनी : विहिरीच्या काठावरून वाकून पाहणे, धावत्या बंडीच्या मागे लटकणे, आणि गेल्या ऑगस्टमध्ये फवारणीच्या पंपाचे झाकण उघडून आत हात घालणे. ‘करू नको’ हे त्याला कळते, पण कळेपर्यंत हात आत गेलेला असतो.

यवतमाळच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी आमच्याशी तासभर बोलून, आम्हाला आणि शाळेतील सरांना वेगवेगळे तक्ते भरायला देऊन एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराचे, निदान केले. त्यांनी गोळी सुचवली आणि आम्हा दोघांना मुलाशी कसे वागावे याचे प्रशिक्षण घ्यायला सांगितले. घरी ‘डोक्याची गोळी’ हे शब्द उच्चारताच सासूबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. त्यांचे म्हणणे एकच : “याचा बापबी लहानपनी असाच होता, त्याले कोनं गोया देल्ल्या?” विषय तिथेच मिटला.

मग एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून आम्ही शहरातील एका केंद्रात गेलो. तिथे डोक्याला तारा लावून मुलाला पडद्यासमोर बसवतात. लक्ष लागले की पडद्यावरची गाडी धावते, लक्ष उडाले की थांबते. याला न्यूरोफीडबॅक म्हणतात, यात औषध नाही आणि परिणाम कायमचा राहतो, असे पत्रकात छापले आहे. मुलाच्या मेंदूचा रंगीत नकाशाही त्यांनी काढून दिला. त्यात कपाळाच्या बाजूला लाल डाग आहे, तो ‘थीटा’ जास्त असल्याचा म्हणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवड्याला पाच याप्रमाणे आठ आठवड्यांत चाळीस सत्रे घ्यायची, सत्राचे १,२०० रुपये, म्हणजे ४८,००० रुपये. मुक्कामाची सोय मावशीकडे होईल. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता, तेव्हा हा खर्च जवळजवळ साडेसहा क्विंटल कापसाचा झाला, आणि हमीभाव सगळ्या मालाला मिळतो असेही नाही. आगाऊ पैसे भरल्यास दहा टक्के सूट आहे. मुदत या महिन्याच्या अखेरीपर्यंत.

पैसे उभे करता येतील, पण ते बियाण्याच्या पैशातून जातील. ही पद्धत खरोखर काम करते का, तिच्यापासून काही अपाय होतो का, आणि हे करायचे नसेल तर मग काय करायचे, हे ज्यांना अनुभवाने किंवा अभ्यासाने ठाऊक आहे त्यांनी कृपया लिहावे.


मायक्रोव्होल्ट
रविवार, रात्री ११.१५

पऱ्हाटीताई, मी एका वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षे ईईजी, म्हणजे मेंदूतील विजेचा आलेख, काढण्याचे काम करतो. उपचार हा माझा प्रांत नव्हे, पण तारा, जेल आणि आलेख यांच्याविषयी सांगू शकतो.

सर्वांत आधी भीती घालवतो. त्या तारांमधून मुलाच्या डोक्यात वीज सोडली जात नाही. मेंदूत जी वीज मुळातच आहे ती फक्त मोजली जाते. ती किती असते? बॅटरीच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट असतात, म्हणजे पंधरा लाख मायक्रोव्होल्ट. टाळूवर मिळणारे मेंदूचे संकेत काही दहा मायक्रोव्होल्टचे असतात. माणसाच्या मेंदूतील ही वीज पहिल्यांदा टिपली जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ साली, आणि प्रसिद्ध केली १९२९ साली. तिच्यातील लहरींना वेगानुसार नावे आहेत : सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा हेलकावणारी ती थीटा, आठ ते बारा ती अल्फा, त्याहून जलद ती बीटा. पेंग येताना थीटा वाढते, डोळे मिटून स्वस्थ बसले की अल्फा दिसते, जागेपणी काम करताना बीटाचे प्रमाण अधिक असते.

न्यूरोफीडबॅकमध्ये संगणक या लहरी त्याच क्षणी वेगळ्या करतो आणि थीटा कमी, बीटा जास्त झाली की गाडी पळवून बक्षीस देतो. नेमके काय केले म्हणजे गाडी पळते हे मुलाला कुणी सांगत नाही. गोऱ्ह्याला वखराची सवय लावताना आपण जसे तो सरळ चालला की थोपटतो आणि उरलेले त्याच्यावर सोडतो, तसाच हा प्रकार आहे.

या कल्पनेचा उगम मजेशीर आहे. कॅलिफोर्नियातील बॅरी स्टरमन यांनी १९६०च्या दशकात मांजरांना सेकंदाला बारा ते पंधरा हेलकाव्यांची एक विशिष्ट लहर वाढवली की खाऊ मिळेल, असे शिकवले. पुढे अग्निबाणाच्या इंधनातील मोनोमिथिलहायड्राझिन हे रसायन किती घातक आहे हे पाहण्यासाठी ज्या मांजरांवर प्रयोग झाले, त्यांत योगायोगाने ही शिकलेली मांजरेही होती, आणि इतरांपेक्षा त्यांना झटके उशिरा आले किंवा आलेच नाहीत. प्लासिबो, म्हणजे नुसत्या विश्वासाने गुण आणणारा नकली उपचार, काय असतो हे मांजराला ठाऊक नसल्यामुळे हा निष्कर्ष सहजी झटकून टाकता येत नाही. त्यावरून १९७२ साली मिरगीच्या रुग्णावरील पहिला अहवाल आला, आणि १९७६ साली टेनेसी विद्यापीठातील जोएल लुबार यांनी अतिचंचल मुलावरचा. तेव्हा या पद्धतीमागे खरे विज्ञान आहे. मात्र तुमच्या हातातील लाल नकाशावर मी इतका विश्वास ठेवणार नाही.

त्याची कारणे रोजच्या कामातील आहेत. मुलाने पापणी मिटली, दात आवळले, मान वळवली की आलेखात मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठ्या लाटा येतात, आणि डोळ्यांच्या हालचालीच्या संथ लाटा कपाळाच्या बाजूला थीटासारख्याच दिसू शकतात. अर्थिंग नीट नसेल तर भिंतीतील वायरिंगचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट मिसळतो. मे महिन्यातील घामाने इलेक्ट्रोडची पकड सुटते ती वेगळीच. शिवाय एक प्रश्न विचारतो : त्या दिवशी तुम्ही पहाटेची एसटी धरून गेला होतात का? चार वाजता उठवलेल्या आठ वर्षांच्या कोणत्याही मुलाची थीटा दुपारी जास्तच दिसेल.

थीटा आणि बीटा यांचे गुणोत्तर मोजणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली परवानगी दिली, ती डॉक्टरांच्या निदानाला पूरक म्हणून, उपचारासाठी नव्हे. अशा केंद्रांच्या पत्रकांत ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त’ असे शब्द असतात, ते बहुधा अशाच कुठल्या परवानगीवर उभे असतात. तेथील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली हे गुणोत्तर नेहमीच्या तपासणीच्या जागी वापरू नये असे स्पष्ट सांगितले. तुमच्या मुलाचे निदान तासभर बोलून आणि तक्ते भरून झाले, तेच योग्य निदान होय.


निंबोणी
सोमवार, दुपारी २.०५

मी वर्धा जिल्ह्यातील आहे आणि वेगळा अनुभव सांगते. माझी मुलगी दहा वर्षांची. ती मुळीच दंगेखोर नव्हती, उलट वर्गात इतकी शांत बसे की तिचे लक्ष कुठेच नाही हे चौथीपर्यंत कुणाच्या ध्यानातही आले नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला शहरात न्यूरोफीडबॅकची छत्तीस सत्रे दिली. आज ती स्वतः दप्तर भरते, गृहपाठ एका बैठकीत करते, आणि तिच्या बाईंनी आपणहून मला बोलावून तिचे कौतुक केले. गोळी द्यावी लागली नाही. लोक याला थोतांड म्हणतात तेव्हा मला वाईट वाटते, कारण मी डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रामाणिकपणे एवढेही सांगते की त्याच काळात त्या केंद्रातील ताईंच्या सांगण्यावरून आम्ही घरातला मोबाइल संध्याकाळनंतर बंद केला, तिला नऊ वाजता झोपवू लागलो, आणि प्रत्येक वेळी तिचे बाबा तिला घेऊन जात. जाता-येता तीन तास तो माणूस तिच्याशी बोलत असे. एरवी जिनिंगच्या पाळीमुळे त्यांची भेट रविवारीच व्हायची.


पऱ्हाटी
सोमवार, रात्री ८.३०

मायक्रोव्होल्टदादा, पहाटेचीच एसटी होती, साडेचारला उठवले होते. वाचून हसावे की रडावे कळेना.

निंबोणीताई, तुमचे लिहिणे वाचून आशा वाटली. पण मग हे कसे ठरवायचे की बदल तारांमुळे झाला की बाबांमुळे?


अडाणकाठ
सोमवार, रात्री १०.५०

पऱ्हाटीताईंनी जो प्रश्न विचारला आहे, त्याच एका प्रश्नाभोवती या विषयातील गेल्या पंधरा वर्षांचे संशोधन फिरते आहे. मी एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

२००९ साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा निकाल अतिशय उत्साहवर्धक होता आणि ही केंद्रे जगभर निघण्यामागे तोही एक आधार होता. पण त्यांतील बहुतेक अभ्यासांत मुलाला सुधारणा झाली की नाही हे ठरवणारी माणसे म्हणजे त्याचे आई-वडील, आणि आपल्या मुलाला कोणता उपचार चालू आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. पैसे भरलेले, दोन महिने हेलपाटे घातलेले आई-वडील खोटे बोलत नाहीत. ते आशेने पाहतात आणि आशेने पाहणाऱ्याला दिसते. २०१३ साली एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी हीच चाळणी लावली : उपचार कोणता चालू आहे हे बहुधा ज्यांना ठाऊक नव्हते अशांचीच निरीक्षणे धरली, तेव्हा परिणाम जवळपास विरघळून गेला.

मग खरी परीक्षा झाली ती २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत. सात ते दहा वर्षांची, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाची १४४ मुले तिच्यात होती आणि सगळ्यांचे थीटा-बीटा गुणोत्तर खरोखरच जास्त होते. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला खरा न्यूरोफीडबॅक दिला. दुसऱ्या गटालाही तशाच तारा, तसाच पडदा, तितकीच ३८ सत्रे. फक्त पडद्यावरची हालचाल चालत होती ती आधीच नोंदवून ठेवलेल्या लहरींवर. त्या लहरींत मुलाच्या स्वतःच्या पापण्यांची उघडझाप मिसळली होती, म्हणजे मूल हलले तर पडद्यावर फरक दिसे आणि शंका येत नसे. मूल, पालक, शिक्षक, समोर बसलेले प्रशिक्षक, यांपैकी कुणालाही गट ठाऊक नव्हता.

दोन्ही गटांतील मुलांमध्ये मोठी सुधारणा झाली आणि ती तेरा महिन्यांनीही टिकून होती. स्पष्ट सुधारणा झालेली मुले खऱ्या गटात ६१ टक्के आणि नकली गटात ५४ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नाहीच.

निंबोणीताई, म्हणून तुमच्या मुलीतील बदल मी खोटा मानत नाही. तो खरा आहे आणि नकली तारा लावलेल्या मुलांतही तो खराच होता. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, एका प्रेमळ प्रौढ माणसाने अर्धा-पाऊण तास केवळ आपल्याकडे पाहावे, लहानशा यशाला त्याच क्षणी दाद द्यावी, ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना आयुष्यात प्रथमच मिळत असते. तुमच्या बाबतीत त्यात वडिलांचे प्रत्येक फेरीतले तीन तास मिळाले.

दुसरी बाजूही लिहिणे भाग आहे. त्याच चाचणीत तेरा महिन्यांनंतर खऱ्या गटातील मुलांना औषध कमी लागत होते, आणि या पद्धतीचे समर्थक त्यावर बोट ठेवतात. परंतु तो मुख्य निकष नव्हता. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ३८ चाचण्यांचा आणि २,४७२ जणांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही कोणता उपचार चालू आहे हे बहुधा ठाऊक नसलेल्यांच्या नोंदींत सरासरीने काही लाभ दिसला नाही, फक्त माहिती हाताळण्याच्या वेगात किंचित फरक आढळला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत सहा ते बारा वर्षांसाठी औषध आणि त्याच्या जोडीला वर्तनाचे प्रशिक्षण सुचवले आहे, न्यूरोफीडबॅकची शिफारस नाही. माझे मत विचाराल तर ज्याच्याकडे पैसे पडून आहेत त्याने हौसेने करून पाहावे; बियाण्याच्या पैशातून करू नये. आणि महिनाअखेरच्या सवलतीची घाई जिथे असते तिथे मी नेहमीच एक पाऊल मागे सरकतो.

आता गोळीविषयी. या विकारात सहसा दिली जाणारी मिथाइलफेनिडेट ही गुंगीची गोळी नाही, उलट ती उत्तेजक आहे. मेंदूतील डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या संदेशवाहक रसायनांची उपलब्धता ती वाढवते, त्यामुळे आवर घालणारे भाग नीट काम करू लागतात. साधी गोळी अर्ध्या ते एक तासात लागू पडते आणि सुमारे चार तासांनी ओसरते. भूक कमी होणे हा तिचा नेहमीचा त्रास आहे, म्हणून सकाळी पोटभर भाकरी खाऊनच ती द्यावी लागते, नाहीतर शाळेतील खिचडी मूल तशीच टाकते. झोप, वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांवर डॉक्टर लक्ष ठेवतात. आपल्या देशात हे औषध ‘शेड्यूल एक्स’ या कडक नियंत्रणाच्या यादीत मोडते, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते, आणि असा परवाना फार थोड्या दुकानांकडे असतो. तालुक्याला ती गोळी न मिळण्याचे हे कारण आहे. ती विषारी असल्यामुळे नव्हे. ज्यांना ती चालत नाही त्यांच्यासाठी अॅटोमॉक्सेटिन आहे, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पंपाच्या झाकणाचा जो प्रसंग तुम्ही लिहिला आहे, तो वाचून मी तरी या मुलाच्या बाबतीत औषधाला उशीर करणार नाही.


धुरकरी
मंगळवार, सकाळी ७.१०

आमच्या काळी असल्या मुलाला बापाच्या हातचा एक फटका पुरत असे. आता आजार, आता यंत्र, उद्या विमा.


खडू-फळा
मंगळवार, सायंकाळी ६.२०

धुरकरीकाका, मी वाशीम जिल्ह्यातील द्विशिक्षकी शाळेत एकोणीस वर्षे शिकवतो आहे. तो फटका खाल्लेली मुले मला ठाऊक आहेत. त्यांतली बरीचशी सातवीनंतर शाळेत दिसली नाहीत. फटक्याने मूल त्या क्षणी थांबते, पण पुढच्या वेळी आधी थांबायला शिकत नाही, आणि या मुलांची अडचण नेमकी ‘आधी’ थांबण्याची आहे.

पऱ्हाटीताई, शाळेच्या बाजूने लिहितो. माझ्या एका खोलीत पहिली, दुसरी आणि तिसरी अशा तीन इयत्ता बसतात. एका इयत्तेला शिकवताना दुसऱ्या दोन इयत्तांनी आपापले काम मुकाट्याने करायचे असते, आणि अशा मुलाला हेच जमत नाही. निदान झालेल्या एका विद्यार्थ्यासाठी यवतमाळच्याच डॉक्टरांनी मला एक साधी गोष्ट शिकवली. एका लहान वहीत रोजच्या तासिकांसाठी चौकटी आखायच्या आणि दोनच अपेक्षा लिहायच्या. त्याच्यासाठी आम्ही ‘जागेवर बसून पाच ओळी लिहिल्या’ आणि ‘बोलण्याआधी हात वर केला’ अशा ठरवल्या. जमले की तासिका संपताच शिक्का. घरी आईने ते शिक्के मोजायचे आणि ठरलेली गोष्ट त्याच दिवशी द्यायची. त्याला बापासोबत मोटार चालू करायला शेतावर जायचे असे. महिनाअखेरीस सायकल देऊ, हे या मुलांना उपयोगाचे नाही, कारण महिना त्यांच्यासाठी फार लांब आहे.

त्याशिवाय मी त्याला खिडकीपासून दूर, माझ्या टेबलाजवळ बसवले. दहा गणिते एकदम न देता तीन-तीन दिली. दर वीस मिनिटांनी वह्या गोळा करणे, पाण्याची टाकी भरली का पाहून येणे अशी कामे त्यालाच सांगितली. उठायचे तर आहेच, मग कामाने उठू दे. चार महिन्यांत तो वर्गात पहिला आला असे मी सांगणार नाही. तो लिहू लागला आणि माझे त्याच्यावर ओरडणे कमी झाले. यांतले आधी काय झाले ते मला आठवत नाही.

अडाणकाठ सरांनी लिहिलेला नकली तारांचा गट वाचताना मला ही वही आठवली. ठरलेली वेळ, तात्काळ दाद, रोजची नोंद : हे सगळे तिच्यात आहे आणि वही दहा रुपयांची आहे.


फिरते पथक
मंगळवार, रात्री ९.५५

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकात काम करते. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि आमचे पथक शाळांत वर्षातून एकदा व अंगणवाड्यांत दोनदा जाते. अतिचंचलता आणि अध्ययन अडचणी या दोन्ही गोष्टी आमच्या तपासणीच्या यादीत आहेत. संशय आल्यास मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते आणि तिथे पैसे लागत नाहीत. पण साठ-सत्तर मुले एका दिवसात पाहताना शांत बसलेली निंबोणीताईंची मुलगी आमच्या नजरेतून सुटली असती, हे मान्य करते.

कुणीच न लिहिलेला एक मुद्दा मांडते. लक्ष लागत नाही म्हणजे एडीएचडीच असे नसते. निदानासाठी लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासूनची, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसणारी असावी लागतात. ऐकू कमी येणे, चष्म्याची गरज, रक्तक्षय, घोरण्यामुळे मोडलेली झोप, काही सेकंद हरवल्यासारखी नजर लागणारी मिरगी, या सगळ्यांत मूल ‘लक्ष देत नाही’ असेच दिसते. त्या मिरगीसाठी मात्र साधा ईईजी खरोखर उपयोगी आहे. आपल्या विदर्भात याच्या जोडीला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विचार करायलाच हवा. ‘एसएस’ प्रकारच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून हा दोष आलेल्या, मुलांत मेंदूला लहान लहान इजा काही लक्षण न दाखवता होऊन जातात आणि पुढे त्याचा परिणाम लक्ष व अभ्यासावर दिसतो. माझ्या पाहण्यात असा एक मुलगा आहे, ज्याला तीन वर्षे ‘चंचल’ म्हणून शिक्षा होत होती. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती सकारात्मक आली तर पुढची तपासणी करून वाहक की रुग्ण ते ठरते. पऱ्हाटीताई, ही चाचणी आणि हिमोग्लोबिन झाले नसेल तर आधी तेवढे करून घ्या.

प्रमाणपत्राविषयी पुढे प्रश्न येईलच म्हणून सांगते : २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अनेक मुलांत दोन्ही असतात, त्यामुळे वाचन-लेखनाचीही चाचणी मागून घ्यावी. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा) क्रमांकावर मराठीतून बोलता येते. आई-बापांनीही करायला हरकत नाही.


निंबोणी
बुधवार, सकाळी ११.३०

अडाणकाठ सर, तुमचा प्रतिसाद यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे मशीन मीच होतो.” मला अजूनही वाटते की तारांचा थोडा तरी वाटा असेल, पण भांडणार नाही.


पऱ्हाटी
शुक्रवार, रात्री ९.१५

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले आणि काल रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवले. केंद्राला सध्या येत नाही असे कळवले आहे. त्यांनी सवलत पंधरा दिवस वाढवून दिली.

हिमोग्लोबिन ९.८ आले, सिकलसेलची चाचणी नकारात्मक आहे. लोहाचे औषध सुरू झाले. सोमवारी आम्ही तिघे यवतमाळला जात आहोत, या वेळी दुपारच्या एसटीने. माझे आणि मुलाचे तिकीट अर्धेच लागते, तेव्हा यांनाही सोबत घेणे परवडते. मुख्य म्हणजे प्रशिक्षणात दोघांनी बसायचे आहे आणि हे यायला तयार झाले आहेत. गोळीचे काय ते डॉक्टरांशी बोलून ठरवू. फवारणीचा पंप आणि औषधे कुलूपबंद पेटीत ठेवली आहेत. हे आधीच करायला हवे होते.

सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्यांच्या ‘बापबी असाच होता’ या वाक्याविषयी मी अडाणकाठ सरांना वेगळे विचारले होते. त्यांनी कळवले की जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकारात अनुवंशाचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के धरला जातो. ते मी सासूबाईंना सांगितले. त्यावर त्यांनी यांच्या लहानपणीच्या गोष्टी काढल्या : सहावीत तीनदा घरून पळणे, मोटेच्या दोरावरून पडून मोडलेला हात, आणि आठवीनंतर सुटलेली शाळा. हे मान खाली घालून ऐकत होते. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “मंग याची तरी नको सुटाले.”

खडू-फळा सर, उद्या बाजाराचा दिवस आहे. ती वही दुरेघी घ्यायची की चौकटींची?


खडू-फळा
शुक्रवार, रात्री ९.४०

चौकटींची. आणि दोन घ्या ताई, पहिली हरवेलच.